झाडाखालची जमीन : प्रस्तावना

‘झाडाखाली काही येत नाही,’ हे वाक्य खानदेशात दोघांच्या तोंडी ऐकू येतं. एक शेतकरी, बांधावरच्या निंबाकडे बोट दाखवून. दुसरा जळगाव-धुळ्याच्या एखाद्या कॉलनीतला घरमालक, अंगणातल्या गुलमोहराखालचं लॉन पुन्हा पिवळं पडल्यावर. पहिल्याला कपाशीवर पडणारं सावट सलतं, दुसऱ्याला अंगणातलं टक्कल. दोघांचा अनुभव खरा आहे, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. कपाशी काय आणि लॉन काय, दोन्ही उन्हाची. ती सावलीत लावली आणि आली नाहीत, यात जमिनीचा दोष किती आणि निवडीचा किती? झाडाखाली काय येतं, कुठल्या झाडाखाली येतं आणि वर्षाच्या कुठल्या महिन्यांत येतं, एवढ्याच प्रश्नांसाठी हे छोटं पुस्तक लिहिलं आहे.

पुस्तक जळगाव आणि धुळे या दोनच जिल्ह्यांपुरतं ठेवलं, ते मुद्दाम. मराठीत बागकामाची पुस्तकं भरपूर आहेत, पण त्यांतला सल्ला बहुधा पुण्या-मुंबईच्या हवेवर बेतलेला असतो. सावलीत फर्न लावा, कॅलेथिया लावा, हे ठाण्या-डोंबिवलीत ठीक. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तिथे सावलीतसुद्धा झळा लागतात आणि फर्नची पानं बघता बघता करपतात. जळगावचा वर्षाचा पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास. धुळे शहर आणि शिंदखेड्याच्या बाजूला तो पाचशे-सहाशेवर येतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. जमीनही एकसारखी नाही. तापीकाठची खोल काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल अशा भेगा पडतात. सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगरांकडे आणि धुळ्याच्या दक्षिणेला गाळण्याच्या डोंगरांकडे सरकलं की मुरूम लागतो. तिथे पाणी थांबत नाही. एका मातीत कंद कुजतो, दुसरीत तोच कंद वर्षानुवर्षं टिकतो. असा फरक ज्या सल्ल्यात नाही, तो इथे फारसा उपयोगी पडत नाही.

झाडाखाली नेमकं काय घडतं, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. मृगाच्या पहिल्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी खुरपं घेऊन एखाद्या मोठ्या निंबाशी जा. आधी घेराबाहेर, उघड्यावर माती उकरा. चार बोटं ओल गेलेली दिसेल. मग बुंध्यापासून चार पावलांवर उकरा. वरचा पाचोळा हाताला ओला लागतो, पण त्याखाली बोटभरही ओल नसते. भुरभुरीत कोरडी माती, आणि तिच्यात बारीक तांबूस मुळांचं दाट जाळं. खुरपं त्यात अडकतं. दोन-तीन मिलिमीटरची सर पानांवरच अडते आणि वाऱ्याबरोबर तिथूनच उडून जाते. जोराचा पाऊस झाला तर थोडं पाणी फांद्यांवरून बुंध्याशी ओघळतं, पुष्कळसं घेराच्या कडेला ठिबकतं, आणि मधला पट्टा मागे राहतो. तिथे पोचलेलं पाणीही झाडाची मुळं आधी उचलतात. झाड वर जेवढं उंच तेवढंच खाली खोल, अशी एक समजूत आहे. प्रत्यक्षात अन्नपाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फुटात असतात आणि आडवी पसरत घेराच्याही बाहेर जातात. त्यात गुरांनी, गाड्यांनी, माणसांच्या पायांनी जमीन दाबलेली. म्हणजे रोपाच्या वाट्याला ऊन कमी, पाणी कमी आणि मुळं पसरायला जागाही कमी. यांत सगळ्यांत कठीण अडचण पाण्याची. कमी उन्हात वाढणाऱ्या वनस्पती पुष्कळ आहेत. ऊन आणि पाणी दोन्ही कमी असताना तगणाऱ्या मोजक्याच.

इंग्लंडमध्ये या विषयावर बरंच लिहिलं गेलं आहे. एसेक्स परगण्यात बेथ चॅटो (१९२३–२०१८) यांनी १९६० साली पडीक जमिनीवर बाग करायला घेतली. त्यांचं ‘द ड्राय गार्डन’ हे पुस्तक १९७८ मध्ये आलं. जागेशी भांडत बसण्यापेक्षा जागेला मानवणारी रोपं निवडा, हा त्यांचा आग्रह. तो इथेही तंतोतंत लागू पडतो. शिवाय त्यांच्या बागेतला वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे शिंदखेड्यापेक्षा फार वेगळा नाही. त्यामुळे त्यांची यादीच उचलावी असा मोह होतो. तो आवरावा. तिकडचा पाऊस बारा महिने थोडा थोडा पडतो, आपला चार महिन्यांत येऊन जातो. तिकडे पानगळ हिवाळ्यात होते, तेव्हा ऊन कोवळं असतं आणि जमीन ओली असते. आपल्याकडे सागवान, सालई, गुलमोहर यांची पानं जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर. झाड उघडं पडलेलं असतं नेमकं तेव्हाच आभाळातून आग ओतत असते आणि जमिनीत थेंब नसतो.

या पुस्तकातला मुख्य मुद्दा इथून निघतो. खानदेशात झाडाखालची सावली वर्षभर सारखी नसते, तिला वेळापत्रक असतं. म्हणून रोप निवडताना ‘याला सावली चालते का’ एवढं विचारून भागत नाही. झाडाचं वर्ष आणि रोपाचं वर्ष जुळतं का, ते पाहावं लागतं. नर्सरीत रोपाच्या पिशवीवर ‘शेड’ लिहिलेलं असतं. ती सावली कुठल्या झाडाची आणि कुठल्या महिन्यातली, हे त्यावर लिहिलेलं नसतं.

वेळापत्रकाप्रमाणे आपल्याकडच्या झाडांचे ढोबळ तीन गट पडतात. सागवान, सालई, शिरीष, गुलमोहर यांचा पहिला गट. यांची सावली पावसाळ्यात भरपूर, आणि ऐन उन्हाळ्यात कुठे महिना तर कुठे तीन महिने नाहीच. दुसऱ्या गटात निंब जवळजवळ एकटाच बसतो, पण खानदेशात त्याची संख्याच एवढी की त्याला स्वतंत्र प्रकरण द्यावं लागलं. त्याची पानं फाल्गुनात झडतात आणि लगेच नवी येतात. पाडव्याच्या गुढीला कोवळा पाला मिळतो, आणि वैशाखात पहिल्या गटातली झाडं उघडी असताना निंबाखाली गार असतं. ओटा, गोठा, खाट सगळं निंबाखाली सापडतं ते उगीच नाही. तिसरा गट आंबा, चिंच, जांभूळ, वड अशा दाट आणि जवळजवळ बारमाही सावलीच्या झाडांचा.

पहिल्या गटाखाली काय लावायचं, याचं उत्तर सातपुड्याने केव्हाच देऊन ठेवलं आहे. यावल किंवा पालच्या बाजूच्या सागवानी जंगलात वैशाखात गेलात तर खाली वाळका पाला आणि दगड यांखेरीज काही दिसत नाही. पाऊस पडून पंधरवडा उलटला की त्याच जमिनीतून काळ्या मुसळीची घडीदार पानं वर येतात, सफेद मुसळीचे झुपके दिसतात, रानहळदीची रुंद पानं उलगडतात. श्रावण-भाद्रपदात कळलावी झुडपांवर चढते, तिच्या पानांची टोकं वळून आधाराला पकडतात आणि लाल-पिवळी फुलं उघडतात. कार्तिकापर्यंत पानं पिवळी पडून ही सगळी मंडळी पुन्हा जमिनीखाली. उन्हाळा त्यांनी झोपून काढायचा, हे ठरलेलं. सावली असते तेव्हा ती जागी असतात, आणि ऊन जमिनीवर उतरतं तेव्हा त्यांचं वर काहीच नसतं. सागवान किंवा गुलमोहराखाली लावायला यांच्याइतकं योग्य दुसरं काही नाही. बागेतल्या ओळखीच्या कंदांपैकी सुरण, आंबेहळद, भुईचाफा, पावसाळी लिली आणि मे अखेरीला लाल चेंडू फुलवणारी फुटबॉल लिली यांचंही वर्ष असंच चालतं.

यांच्या बाबतीत घात होतो तो आपल्या हातून. उन्हाळ्यात वर काही दिसलं नाही की माणूस समजतो, रोप मेलं. मग तिथे कुदळ चालते किंवा पाणी सोडलं जातं. काळ्या मातीत झोपलेल्या कंदाला उन्हाळी पाणी मिळालं तर तो कुजतो. म्हणून कंद लावला तिथे एक दगड खुणेला ठेवावा आणि पावसाळा येईपर्यंत ती जागा विसरून जावी. वैशाखात झाडाखालची जमीन उघडी दिसणं हे अपयश मानू नये, हे पुस्तकभर पुन्हा पुन्हा सांगितलं आहे, कारण बारमाही हिरवळीचं वेड आपल्याला महागात पडतं. एक विनंती इथेच. सफेद मुसळी औषधाच्या बाजारासाठी जंगलातून इतकी ओरबाडली गेली आहे की तिचे कंद रानातून खणून आणू नयेत. लागवडीतले कंद विकत मिळतात, तेच घ्यावेत.

निंबाखालची गोष्ट वेगळी. तिथे उन्हाळ्यातही सावली असल्यामुळे बारमाही पानांची झुडपं टिकतात, फक्त ती कोरडेपणाला सरावलेली हवीत. पहिला मान अडुळशाचा. याला शेळ्या तोंड लावत नाहीत, आणि ज्या गावात कुंपण टिकत नाही तिथे हा गुण सगळ्यांत मोलाचा. दुसरी कोरांटी. पावसाळ्यात ती नुसतं काटेरी झुडूप वाटते, पण दिवाळीच्या आगेमागे तिला पिवळी फुलं लागतात ती थंडी सरेपर्यंत. जुन्या वाड्यांच्या परसात, जिथे कुणी पाणी घालत नाही अशा भिंतीकडेच्या कोपऱ्यात ती अजून दिसते. तिसरा चित्रक. पांढरी नाजूक फुलं, आणि फुलाखालचा कोष इतका चिकट की जवळून गेलं की धोतराला, ओढणीला बी लटकून येतं. तो त्याचा पसरण्याचा मार्ग. चित्रकाच्या मुळाचा रस कातडीला लागला तर फोड येतात, तेव्हा मुळं हाताळताना जपावं. कढीपत्ता आणि कुंती ही दोन्ही मुळात जंगलात मोठ्या झाडांखाली वाढणारी झुडपं आहेत. आपण त्यांना उन्हात आणून बसवलं एवढंच. पहिली दोन वर्षं पाणी मिळालं की निंबाखाली ती चांगली रुजतात. अबोलीलाही ही विरळ सावली मानवते, पण फुलं हवी असतील तर तिचं पाणी चुकवून चालत नाही. बुंध्याशी एक गुळवेल सोडावी. निंबावर वाढलेली गुळवेल औषधाला चांगली मानतात. दुसऱ्या बाजूला कांडवेल लावली तर तिचे चौधारी कांडे पाण्याविना उन्हाळा सहज काढतात.

तिसऱ्या गटाबद्दल पुस्तकात कमी लिहिलं आहे, कारण सांगण्यासारखं कमी आहे. चिंचेखाली आणि वडाखाली लागवडीचा हट्ट धरू नये. घेराच्या कडेला, जिथे सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन पोचतं, तिथे स्नेक प्लांट, स्पायडर लिली तग धरतात. आत पाचोळा राहू द्यावा, नाहीतर बसायला बाक टाकावा. फळावर असलेल्या आंब्याखाली दरवर्षी खणणं झाडाला मानवत नाही. निलगिरीखाली तर जमीनच कोरडी ठणठणीत असते, तिथे पैसे घालवू नयेत.

चौथी एक फळी आपण न लावताच येते, आणि तिला आपण तण म्हणून उपटतो. केना, तरोटा, कुर्डू, आघाडा ही पावसाळ्यात झाडांच्या कडेने उगवतात. केना आणि तरोट्याची कोवळी भाजी होते, आघाडा हरतालिकेला आणि गणपतीला पत्रीत लागतो. या बाबतीत साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याकडून शिकण्यासारखं आहे. उजाड झालेलं जंगल गावाने राखलं, कुऱ्हाडबंदी केली, पाणी अडवलं. या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या गावात वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते, आणि बायका रानातल्या भाज्या, कंद, पानं रांधून मांडतात. यांतल्या कितीतरी मोठ्या झाडांच्या आडोशाने वाढणाऱ्या. साक्रीच्या त्या पश्चिम पट्ट्यात पाऊस धुळ्यापेक्षा जास्त, म्हणून तिथली यादी अमळनेरला जशीच्या तशी लागू पडणार नाही. पण वर झाड राखलं की खालचं आपोआप भरतं, हा धडा सगळीकडे सारखाच.

लागवडीची रीत शेवटच्या भागात सविस्तर आहे. तिच्यातल्या चार गोष्टी इथे सांगतो, कारण पुस्तक पुढे वाचलं नाही तरी त्या कळायला हव्यात. पहिली, झाडाखाली सलग खणू नये. मुळांच्या मधल्या जागा शोधून ओंजळभर खड्डे करावेत, आणि अंगठ्यापेक्षा जाड मूळ लागलं तर खड्डा सरकवावा. दुसरी, मुळांवर गाळाची माती ओतून उंच वाफा करू नये. मुळं गुदमरतात, आणि झाड लगेच न मरता काही वर्षांनी वाळायला लागतं, तेव्हा कारण कुणाच्या ध्यानात येत नाही. बुंध्याला घट्ट भिडवलेला सिमेंटचा ओटा आणि फरशी यांचंही तेच. तिसरी, रोप लहान घ्यावं आणि मृगात लावावं. मोठ्या पिशवीतलं मोठं रोप दिसायला बरं, पण त्याला मुळांच्या गर्दीत जागा मिळत नाही. कंद सोडून बाकीच्यांना पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा सावकाश, खोल पाणी द्यावं. ठिबकचा धंदा जळगावातच वाढलेला, त्यामुळे लॅटरल आणि ड्रिपर मिळायला इथे अडचण नाही. रोज शिंपडलेलं पाणी वरच्या मुळांनाच जातं, रोपाला त्याचा उपयोग नाही. चौथी, पाचोळा जाळू नये. दोन-तीन इंचांचा थर जमिनीवर राहू द्यावा, फक्त बुंध्यापासून वीतभर दूर. खानदेशात झाडाखालच्या बागेला याहून स्वस्त खत आणि याहून चांगलं पांघरूण मिळणार नाही.

एक गोष्ट वनस्पतींच्या याद्यांत बसत नाही, पण तिच्याशिवाय पुस्तक पुरं होत नाही. आपल्याकडे झाडाखालची जमीन मोकळी राहिली, त्यामागे माणसांची गरज आहे. आखाजीला माहेरी आलेल्या लेकींचा झोका निंबाच्याच फांदीला बांधला जातो, आणि झोक्याला मागेपुढे मोकळी जागा लागते. हिवाळ्यात शेतावर भरताची पंगत बसते ती आंब्याखाली किंवा निंबाखाली. दुपारी गुरं तिथेच टेकतात. सगळी जमीन झुडपांनी भरून टाकली तर या माणसांनी आणि गुरांनी जायचं कुठे? म्हणून प्रत्येक आराखड्यात झाडाची एक बाजू, शक्यतो संध्याकाळी ज्या बाजूला सावली पडते ती, मोकळी सोडली आहे. लागवड त्याच्या उलट बाजूला.

काही वनस्पती जाणून वगळल्या आहेत. घाणेरी कोरड्या सावलीत उत्तम वाढते, आणि तेच तिचं दुखणं. तिने सातपुड्याच्या पायथ्याशी केलेली दाटी पाहिली की ती अंगणात लावावीशी वाटत नाही. सुबाभूळही अशीच, एकदा शिरली की तिची रोपं निघता निघत नाहीत. कळलावीचं वर कौतुक केलं असलं, तरी तिचा प्रत्येक भाग विषारी आहे, कंद तर फारच. लहान मुलं खेळतात, शेळ्या बांधतात तिथे ती लावू नये. परदेशी रोपं सरसकट वगळलेली नाहीत. गुलमोहर स्वतः मादागास्करचा, आणि स्नेक प्लांट आफ्रिकेतला. इथे टिकतं आणि पसरून इतरांना मारत नाही, एवढीच कसोटी लावली.

वनस्पतींची नावं ठरवताना डी. ए. पाटील यांचा धुळे-नंदुरबार जिल्ह्यांच्या वनस्पतींवरचा ग्रंथ (२००३) आणि क्षीरसागर-पाटील यांचा जळगाव जिल्ह्यावरचा (२००८) हाताशी होते. शास्त्रीय नावं पुस्तकाच्या शेवटी दिली आहेत. मजकुरात मात्र गावातली नावंच ठेवली, कारण नर्सरीवाल्याला आणि आजीला तीच कळतात.

वाचकांना एवढंच सांगणं आहे. यंदा काही विकत घेण्याआधी आपल्या झाडाकडे एक वर्ष नीट पाहा. पानं कुठल्या महिन्यात जातात, केव्हा येतात, दुपारी ऊन कुठपर्यंत येतं, पावसानंतर ओल कुठे लागते, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेला लिहून ठेवा. मग पुस्तकातली यादी उघडा आणि पहिल्या वर्षी तिच्यातली दोन-तीनच रोपं लावा. ती तगली तर पुढच्या मृगात आणखी लावा. आणि झाड व रोप यांतलं एकच वाचवता येईल अशी वेळ आली, तर विचार न करता झाड वाचवा. खालचं पुन्हा लावता येतं.